तुझा लॅपटॉप अख्खा माझ्याकडे होता

अक्का, ऐक ना, सगळ्यात आधी हेच सांगते, नाहीतर पुढचं काही सुचणार नाही मला. तुझा लॅपटॉप काकूंनी, तुझ्या आईने, मला दिला. मला! फरीनला नाही, रघूला नाही. काकू बनशंकरीच्या तुझ्या खोलीत तुझ्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या, आम्ही तिघं दारात चपला काढून नुसते उभे होतो, आणि त्यांनी टेबलावरून तो उचलला, चार्जरसकट, आणि सरळ माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "तू ने गं. फोनवर सारखं तुझंच असायचं. सई आज असं म्हणाली, सई आज अशी भांडली. तुझ्याशी भांडल्याशिवाय हिचा रविवार जात नव्हता बघ."

मी रडत होते. खरंच रडत होते. पण रडता रडता मी तिरक्या नजरेने फरीनचं तोंड बघून घेतलं. तिला कसं वाटलं ते बघायला. तुला जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि मी हे करत होते.

"सईबाई, लई जेलस गं तू." हेच म्हणाली असतीस ना? हो, आहे. तू होतीस तेव्हापासून आहे. आणि तू नाहीस म्हटल्यावर ते कमी व्हायला हवं की नाही? तर ते वाढलंय. लोक गेलेल्या माणसाबद्दल छान छान लिहितात. मी पण लिहिणारे. पण आधी हे पोटात अडकलेलं बाहेर येऊ दे.

तुझी माझी ओळखच मुळी त्या लॅपटॉपमुळे. माझी पहिली नोकरी, मी पुण्याहून नुकती आलेली, सगळ्यांशी घाबरत घाबरत हिंदीत बोलत होते. लंच ब्रेकमध्ये तू टेबलावर तुझा स्वतःचा लॅपटॉप उलटा करून, पोट उघडून, आत रंगवायचा ब्रश फिरवत होतीस. मी आयुष्यात कधी लॅपटॉपचं पोट बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "मॅडम, ये खराब हो गया क्या?" तू वर न बघता म्हणालीस, "धूळ झालीय फक्त. आणि मराठीत बोल की, मी बेळगावची आहे. मॅडम नको. अक्का म्हण, इथं सगळे तेच म्हणतात." आणि मग ब्रश माझ्या हातात दिलास. "धर. मी चहा आणतो."

"आणतो" ऐकून मी हसले, कारण बाई माणूस "मी आणतो" म्हणताना मी कधी ऐकलंच नव्हतं. तुला राग नाही आला. तू म्हणालीस, "तुमच्या पुण्यात बायका आणतात, आमच्याकडं आणतो. चहा तोच." मी तिथेच तुझ्या प्रेमात पडले, आणि तुझ्या त्या लॅपटॉपवर तिथेच खार खाऊन बसले.

कारण काय होता गं तो? खरं सांगू? ओबडधोबड होता. प्रत्येक भाग वेगळा निघायचा. कीबोर्ड वेगळा, स्क्रीन वेगळी, बॅटरी वेगळी, कडेचे पोर्टसुद्धा ठोकळ्यासारखे ओढून काढायचे आणि दुसरे सरकवायचे. एकाच छोट्या पेचकसाने सगळा सुटा व्हायचा. मी त्याला मेकॅनो म्हणायचे. स्क्रीनची बिजागरी सैल, मांडीवर घेऊन बसलं की स्क्रीन मान टाकायची. पंखा असा सुरू व्हायचा की खालच्या घरमालकीणबाई एकदा विचारत वर आल्या, मिक्सर लावलायस का म्हणून. स्पीकर तर डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे. आणि बॅटरी दुपारी चारला मान टाकणार म्हणजे टाकणार.

आणि माझा? माझा चांदीसारखा, बारीक, एकसंध. कुठे जोड दिसत नाही, कुठे स्क्रू दिसत नाही. आवाज नाही. दिवसभर चार्जर लागत नाही. झाकण एका बोटाने उघडतं. तू त्याला बंद डबा म्हणायचीस.

"आत काय आहे माहितीय का तुला?"

"मला कशाला माहिती पाहिजे? मला वस्तू वापरायचीये अक्का, सांभाळायची नाहीये."

"सांभाळल्याशिवाय ती तुझी कशी होते गं?"

"बिल भरलं की होते!"

तू इतकी हसलीस त्या दिवशी. पण ते वाक्य मला लागलं होतं, हे मी तुला कधी बोलले नाही. "सांभाळल्याशिवाय तुझी कशी होते." कारण मला वाटलं, म्हणजे तू ज्याला सांभाळतेस तेच तुझं. मग मी? मला तर कधी काही होतच नव्हतं. माझं सगळं नीट चालू होतं.

मग स्क्रू मंडळ. ते नाव मी टोमणा म्हणून दिलं होतं, रघूने लगेच ग्रुपचं नाव करून टाकलं. रघू तुझ्या वरच्या मजल्यावरचा, मैसूरचा. (त्याचं बोलणं मी इथे मराठीतच लिहिते, नाहीतर तीन भाषा लागतील. फक्त त्याचं "सरी" म्हणजे बरं आणि "स्वल्प" म्हणजे जरा, एवढं ठेवते.) त्याच्याकडे तुझ्यासारखाच लॅपटॉप. आणि फरीन, निपाणीची, येलहंकाला राहणारी, लग्नाचे व्हिडिओ घरी बसून एडिट करणारी. तिचा लॅपटॉप तर तुझ्याच काढून टाकलेल्या भागांवर उभा होता. रविवारी सकाळी तुझ्या खोलीत चटई पसरायची, तिन्ही लॅपटॉप उघडायचे, साफ करायचे. कोणी नवीन भाग आणला की त्याचा जुना भाग मंडळात पुढच्याला जायचा. तू नवी स्क्रीन घेतलीस, जुनी रघूला गेली, रघूची फरीनला. आणि तुझा एकच नियम होता, तो तू पुजाऱ्यासारखा सांगायचीस: "चालू भाग कपाटात ठेवायचा नाही. चालत्या मशीनमध्ये गेला पाहिजे."

आणि मी काय करायचे? मी चहा करायचे! इंदिरानगरहून मेट्रोने मॅजेस्टिक, तिथे गाडी बदलून बनशंकरी, एवढं सगळं करून मी तुमच्यासाठी आलं किसायचे. तुम्ही तिघं डोक्याला डोकं लावून. त्यातून तू आणि फरीन एकदा "बघ की, दे की, थांब की" सुरू झालात की मी तर पुरी बाहेर. फरीनचा कीबोर्ड म्हणजे तुझा जुना कीबोर्ड, त्यावरची काही अक्षरं तुझ्या बोटांनी पुसलेली. ती त्यावर टाइप करायची आणि मी किचनच्या दारातून बघायचे. तुझी बोटं जिथे होती तिथे तिची बोटं.

एकदा मी म्हटलं, "माझा लॅपटॉप स्लो झालाय, बघतेस का?" झाला नव्हता. मला फक्त वाटत होतं की एक रविवार तू माझा लॅपटॉप मांडीवर घ्यावास. तू घेतलास. उलटा केलास, चष्मा डोक्यावर सरकवलास, चारी बाजूंनी हात फिरवलास, रघूकडचा खास पेचकस मागवून मागचं झाकण काढलंस. आणि मग नुसती बसून राहिलीस. "इथं सगळं चिकटवलेलं आहे गं. बॅटरीला गोंद, रॅम सोल्डर केलेली. मी काय करू यात?" झाकण लावून, स्क्रीन ओढणीने पुसून, परत दिलास. "छान आहे हो पण. सुंदर आहे."

तुला माहितीये त्या दिवशी मी मेट्रोत किती रडले? येडी आहे मी. पण तू फरीनच्या लॅपटॉपशी तासन् तास बोलायचीस, आणि माझ्या लॅपटॉपमध्ये तुला हात घालायला जागाच नव्हती.

मग त्याच्यावर कॉफी सांडली, सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, फोटो वगैरे सगळं जाईल. गेलं. तू म्हणालीस, "आता तरी शहाणी होशील." मी दुसरा तसाच आणला. तू कपाळावर हात मारून घेतलास. "परत डबा?" "हो, परत डबा! कारण तो सुंदर आहे, आणि मला रविवारी तुमच्यासारखं नट-बोल्टं काढत बसायचं नाहीये!" खोटं होतं गं. तुमच्यासारखंच बसायचं होतं. पण आता मी इतकी भांडले होते की तुझ्यासारखा लॅपटॉप आणला असता तर हरले असते. आणि रांगेत फरीनच्या मागे उभी राहिले असते. तिचा टाकलेला भाग मला? कधीच नाही.

शेवटचं भांडण तर अर्धंच राहिलं. तू तापाने पडलेली, मी फोनवर तुला चिडवत होते. म्हटलं, "तू एकेक करून सगळेच भाग बदलणार. मग तो लॅपटॉप तुझा राहणारच नाही." तू म्हणालीस, "मग कुणाचा असतो?" मी म्हटलं, "कुणाचाच नाही." तू म्हणालीस, "असं नसतं ते. थांब, ताप उतरला की सांगतो." ताप उतरलाच नाही. हॉस्पिटल झालं, धावपळ झाली, आणि मी आता इथे एकटीच दोन्ही बाजूंनी भांडतेय.

तर तो लॅपटॉप. मी घरी आणला आणि माझ्या टेबलावर माझ्याच्या शेजारी ठेवला. पासवर्ड कोणालाच माहिती नाही, त्यामुळे सुरू केला की फक्त तुझं नाव आणि तुझा तो गोकाकच्या धबधब्यासमोरचा केस उडालेला फोटो. बस. पुढे काही नाही. मी रोज ऑफिसातून आले की तो सुरू करायचे. पंखा घुरघुरायला लागायचा, तोच मिक्सर. मी शेजारी बसून जेवायचे. एवढाच उपयोग. पण तो माझा होता, अख्खा, आणि मला इतकं बरं वाटायचं की फरीनने "कसा आहे गं तो?" असा मेसेज केला की मी उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावायचे.

मग रघूचा फोन आला.

"सई, फरीनचा मदरबोर्ड गेला."

"अरेरे," मी म्हटलं. आणि मला लगेच कळलं हा पुढे काय म्हणणार.

"अक्काचा बोर्ड तिला बसेल. सेम आहे."

"तो अक्काचा लॅपटॉप आहे, रघू."

"हो. म्हणूनच सांगतोय."

"तिच्या आईने मला दिलाय. अख्खा दिलाय. तो फोडायचा नाही. वस्तू अख्खी असते ती अख्खीच बरी. तुम्हाला सगळं फोडल्याशिवाय चैनच पडत नाही!"

"स्वल्प ऐक ना..."

"नवीन बोर्ड मागव ना तिला."

"बाहेरून यायला वेळ लागतो. तिचं एका लग्नाचं काम अर्धं अडकलंय, ते लोक रोज फोन करतायत. सरी, सोड. मी तिला सांगतो की नाही म्हणाली."

"मी नाही म्हटलं नाहीये!"

"मग काय म्हटलंस?"

मी फोन ठेवला. काय म्हटलं होतं मी? नाहीच म्हटलं होतं.

मग थोड्या वेळाने फरीनचाच फोन. आणि अक्का, ती भांडली असती ना तर सोपं होतं. ती म्हणाली, "सई, रघूचं मनावर घेऊ नको. मला फक्त बोर्ड दिलास तरी भागेल. स्क्रीन, कीबोर्ड, बॉडी सगळं तुझ्याकडंच राहू दे. दिसायला आहे तसाच दिसेल."

"दिसायला तसाच. म्हणजे चालू नसलेला. म्हणजे मेलेला लॅपटॉप मी टेबलावर ठेवू?"

तो शब्द तोंडातून निघून गेला होता.

मग ती हळूच म्हणाली, "आत्ता तरी काय करतो गं तो?"

मला इतका राग आला! कारण तिला कसं कळलं? मी कोणाला सांगितलं नव्हतं की मी नुसता तुझा फोटो लावून बसते. पण तिला माहिती होतं. कारण तिच्याकडे असता तर तिनेही तेच केलं असतं. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या टाळक्यात शिरलं की माझ्याइतकीच जेलस कोणीतरी आहे या गावात, आणि ती येलहंकाला राहते, आणि तिने काकूंच्या समोर तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

मी म्हटलं, "उद्या येते. पण मी काढणार. तू हात लावायचा नाहीस."

"लावत नाही. ये."

बसमध्ये मांडीवर दोन्ही लॅपटॉप घेऊन बसले होते, तुझा आणि माझा. माझा का नेला माहिती नाही. सवय. येलहंकाला फरीनने चटई पसरून ठेवली होती, तिच्या अम्मीने डाळिंबं सोलून वाटीत. रघू तिथे आधीच. मी बसले, तुझा लॅपटॉप उलटा केला, आणि कळलं की मला हे येतं. मी कधी केलं नव्हतं, पण किचनच्या दारातून इतके रविवार बघितलंय की कुठला स्क्रू आधी, कुठली वायर सरळ ओढायची आणि कुठली बाजूने, सगळं हाताला माहिती होतं. रघू म्हणाला, "अरे वा," आणि मी त्याला म्हटलं, "तू गप बस." आतमध्ये धूळ नव्हती. एवढीशी पण नाही. तापाच्या आधी तू साफ केला असणार.

बोर्ड हातात आला. इतका हलका असतो? मला वाटलं होतं जड असेल.

फरीनच्यात बसवला. मीच बसवला. तिने बटण दाबलं. काहीच नाही. काळं. एक मिनिट, दोन मिनिटं, काळं. रघू म्हणाला, पहिल्यांदा वेळ लागतो, नवीन रॅम ओळखायला वेळ घेतो. फरीनने डोळे मिटून घेतले होते, ओठ हलत होते. आणि तुला खरं सांगते अक्का, तुलाच सांगते, माझ्या मनात आलं, नको लागायला. नाही लागला तर बोर्ड परत काढू, परत माझ्याकडे, परत अख्खा. एवढी मी वाईट आहे. आणि पुढच्याच सेकंदाला वाटलं, पण नाही लागला म्हणजे तो संपला. मग तुझं चालू असं कुठेच काही नाही. मी बोटं चावायला लागले. "लाग ना," मी म्हटलं, मोठ्याने, "लाग ना रे बाबा, लाग!"

लागला.

फरीनने किंकाळी फोडली. तिच्या अम्मी धावत आल्या. तिचं स्टोरेज वेगळं, त्यामुळे तिचं सगळं काम जिथल्या तिथे, ते अर्धं लग्न, नवरी अक्षता पडताना खाली बघतेय तिथेच थांबलेली. माझ्या कॉफीत माझं सगळं वाहून गेलं होतं, आणि हिचं एक अक्षर गेलं नाही. ठीके, हा मुद्दा तुझा. देते. पण स्क्रीन अजून मान टाकते, स्पीकर अजून डब्यातले, आणि माझा चांदीचा डबा चार वर्षं टिकला तर मी तुला ऐकवणारच. वाद संपलेला नाही.

मग फरीनने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "काकूंनी तुला दिला तेव्हा मला तुझं तोंडसुद्धा बघवत नव्हतं."

"बघितलं होतं मी," मी म्हटलं. "तुझं."

"माहितीय. मी पण बघितलं तुला बघताना." आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत बसलो, आणि मग वेड्यासारख्या रडत. रघू डाळिंब खात राहिला.

तुला थँक्यू म्हणायचं राहिलं होतं. कशाकशाबद्दल, ते लिहायला बसले तर रात्र होईल. पुण्याहून आलेल्या एका घाबरट पोरीच्या हातात तू पहिल्याच भेटीत ब्रश दिलास, त्याबद्दल. मी तो कधी नीट वापरला नाही तरी दर रविवारी मला ये म्हणायचीस, त्याबद्दल. कधीच विचारलं नाहीस की तुझ्याकडे उघडायला काही नाही तर तू येतेस कशाला.

आज सकाळी मी ग्रुपवर टाकलं: "स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी, पोर्ट आहेत. ज्याच्या मशीनला लागेल त्याने न्यावं. पण इंदिरानगरला माझ्याकडे यायचं, रविवारी, आणि माझ्यासमोर बसवायचं. मी स्वतः बघणार. चहा रघू करेल." रघूने लगेच "सरी" पाठवलं. फरीनने विचारलं, कीबोर्ड मी घेऊ का? मी बराच वेळ ते वाचत बसले. मग लिहिलं, "घे. पण आधी थोडा वेळ मी त्यावर टाइप करणार. तू थांबायचं."

ती म्हणाली, थांबतो.

म्हणजे बघ अक्का, तुझी चटई माझ्या घरी, तुझी माणसं माझ्या घरी, पेचकस माझ्या हातात, आणि तू नाहीस. इतकी वर्षं मी तुझा हेवा केला. आता जरा तू माझा कर.